न घेतलेलं नाव

बसवनगुडी, बंगळूर
२९ ऑक्टोबर १९६४

गुंडो,

आधी वर 'चिरंजीव' लिहिलं, मग तो कागद फाडला. नऊ वर्षांत तुला एक ओळ घातली नाही आणि आज लिहिते आहे तीही कामासाठी. आशीर्वाद मागाहून देईन, तुला हवा असला तर. भिलाईचा पत्ता धारवाडच्या मावशीने दिला. 'तुझा भाऊ कारखान्यात फोरमन झालाय, क्वार्टर मिळालंय, लग्नाचं मात्र नाव काढत नाही,' असंही तिने लिहिलं आहे. मी त्यातून एवढंच घेतलं की तू बरा आहेस.

काम असं. आपली नॉर्टन विकायची आहे.

घेणारे बेळ्ळियप्पा म्हणून कोडगूचे कॉफीचे मळेवाले आहेत. शर्यतीच्या जुन्या मोटरसायकली जमवायचा त्यांना नाद आहे. कॉफीच्या गोदामात सतरा गाड्या ओळीने उभ्या केल्या आहेत म्हणे. रस्त्यावर एकही काढत नाहीत, रविवारी नुसतं फडकं मारतात. साधी गाडी त्यांना नको असते. जिने काही विक्रम केला असेल तीच हवी. देवनहळ्ळीच्या रस्त्यावरचा आपला एका मैलाचा विक्रम पंचावन्न सालापासून अजून कोणी मोडलेला नाही, हे आमच्याआधी त्यांना ठाऊक होतं.

ते एकदा येऊन गाडी बघून गेले. बावीस नोव्हेंबरला, रविवारी, लॉरी घेऊन पुन्हा येणार आहेत. त्याआधी त्यांना गाडी बांधणाऱ्या मेकॅनिकच्या सहीचा कागद हवा आहे. म्हणजे तुझ्या. कागद सोबत आहे. विद्याने टाइप केला. ती आता सोळा वर्षांची आहे आणि टायपिंगच्या वर्गाला जाते; तू गेलास तेव्हा तुझ्या खांद्यावरून उतरायला तयार नसायची. कागदात दोनच गोष्टी आहेत. हे इंजिन तेच आहे, आणि त्या दिवशी गाडी तुझ्या भावजींनी चालवली. नावं तिनेच घातली आहेत. तू खाली सही करून उलट टपाली पाठव.

विकता कशाला, म्हणशील. कलासिपाळ्याचं वर्कशॉप मागच्या वर्षी बंद केलं, तेव्हापासून गाडी घरातच आहे. पडवीतली जागा अडते. विद्याला अभ्यासाला कोपरा नाही. तुझ्या भावजींची तब्येत ठीक आहे. पाठ जरा धरली आहे, इतकंच.

राग असेल तर राग ठेव. सही मात्र कर.

अक्का


बसवनगुडी
९ नोव्हेंबर १९६४

गुंडो,

तुझं पाकीट आज आलं. जाड लागलं म्हणून मी ते उभ्याउभ्याच फोडलं. आत आमचाच कागद, जसा पाठवला तसा, आणि सहीच्या जागी पेन्सिलीने एक ओळ: 'अक्का, त्या दिवशी गाडीवर कोण होतं ते तू सांग.'

तू होतास. हे अंगात ताप भरून भाड्याच्या मोटरीत निजले होते आणि गाडीवर तू होतास. तुला ठाऊक आहे, यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मोटरसायकल क्लबच्या वहीत यांचं नाव लागलं आणि आपण तिघं एका घरात चार महिने त्यावर अवाक्षर न काढता जेवलो. शेवटी एका पान्यावरून भांडण झालं आणि तू ट्रंक उचललीस. पान्यावरून! कोणाला खरं वाटेल?

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. जागा अडत नाही. विद्या स्वयंपाकघरात बसून अभ्यास करते आणि पहिली येते.

तुझे भावजी जुलैपासून अंथरुणावर आहेत. आधी पाठ दुखायची, मग पायात मुंग्या, मग एक दिवस न्हाणीघरात उभे होते ते खाली बसले आणि त्यांना उठताच येईना. मणक्याचा क्षय आहे. आत पू साठून पायांच्या शिरा दाबल्या जात आहेत. वेल्लूरला ऑपरेशन होतं. तिथल्या डॉक्टरांनी सात डिसेंबर दिला आहे आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे: पायाच्या बोटांना कळतंय तोवर आणा. कळायचं थांबलं की ऑपरेशन करून पाय परत येत नाहीत. त्याला जे लागतं ते या घरात नॉर्टनखेरीज दुसऱ्या कशात नाही. माझ्या हातात सोनं काय होतं ते तुला माहीत आहे. ते कधीच त्या इंजिनात गेलं.

रोज सकाळी मी केसातला आकडा काढून त्यांच्या अंगठ्याला टेकवते. 'कळलं?' 'कळलं.' उजवा, डावा. परवा मी आकडा हातात धरून नुसतीच बसले होते. टेकवला नव्हता. हे छताकडे बघत म्हणाले, 'कळलं.'

आता बेळ्ळियप्पा आले होते तो दिवस सांगते, म्हणजे तुझ्याच सहीवर का अडलं आहे ते तुला समजेल. उंच, साठीचे, बोलायला मोकळे. पडवीत शिरले, गाडीवरची चादर काढली आणि म्हणाले, "अम्मा, ही गाडी बघून माझ्या घरची चांदीची भांडी लाजतील!" मला बरं वाटलं. मग ते गुडघे टेकून इंजिनाखाली वाकले. बराच वेळ बोटाने चाचपत राहिले.

"इथे क्लबची लाल खूण असायला हवी. विक्रम झाला की ते इंजिनावर रंगाने खूण करतात, अक्षरं घालतात. ती कुठे आहे?"

"ती मी काढली," मी म्हटलं.

"काढली? का?"

"डाग होता."

गुंडो, दर खंडेनवमीला गाडी पूजेला काढायची तर ती मळकी कशी काढू? देवाची तांब्याची भांडी घासायची तशी मी ती चिंच आणि राख लावून घासत आले. तो लाल डाग हट्टी होता. दोन खंडेनवम्या पुरला. तिसऱ्या वर्षी मी विटकरीची पूड घेतली.

बेळ्ळियप्पा पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शेजारच्या तानूबाई जात्या-येत्याला खिडकीत उभ्या असतातच, त्या तिथूनच म्हणाल्या, "अगो, लोखंडाला इतकं घासलंस, तेवढं नवऱ्याच्या पाठीला तेल चोळलं असतंस तर!" त्या तसं बोलतात आणि रोज डबाभर सार आणून देतात.

हसणं थांबल्यावर बेळ्ळियप्पा म्हणाले, "खूण नाही. मग ही तीच गाडी कशावरून? नंबर तर कोणीही ठोकतो. ज्याने बांधली त्याने लिहून द्यावं." मग यांच्या खाटेपाशी बसून प्रेमाने बोलले. जाताना दारात मला म्हणाले, "अम्मा, वाद मात्र नको. हासनला एक गाडी घ्यायला गेलो, तर दोन भाऊ माझ्यासमोर भांडायला लागले, मी चालवली, मी चालवली. मी लॉरी रिकामी परत आणली. मी लोखंड विकत घेत नाही. ती एक सकाळ घेतो. ती कोणाची, हेच नक्की नसेल तर मी घेतलं काय?"

म्हणजे कागदावर एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी गाडी इथेच राहील.

तुला सही कर म्हणायला मला तोंड नाही. कागद पुन्हा सोबत घातला आहे. कर.

अक्का


बसवनगुडी
१७ नोव्हेंबर १९६४

आज आठ दिवस झाले. पोस्टमन आला की विद्या दारात जाते आणि रिकाम्या हाताने येते. माझ्याकडे बघत नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की मामा सही करत नाही. काल म्हणाली, "इतका कसला राग असतो गं माणसाला?"

तिच्या तोंडून तुझ्याबद्दल ते ऐकलं आणि मला जेवण गेलं नाही. म्हणून आज हे लिहायला बसले आहे. यांना औषधाने झोप लागली आहे. दुपारचे तीन वाजले आहेत. हे उठायच्या आत लिहून टपालात टाकायचं, नाहीतर माझ्याने होणार नाही.

तुला वाटतं, तुझं नाव यांनी मारलं. मोटरीत पडल्यापडल्या कोणाकरवी निरोप पाठवून क्लबच्या नोंदणीच्या टेबलावर स्वतःचं नाव घालायला लावलं. तू तसं कधी बोलला नाहीस, पण पान्याच्या भांडणात म्हणालास ना, 'या घरात जे हाताला लागेल ते यांचं!' तेव्हाच मी समजले.

आणि यांना काय वाटतं ते तुला माहीत नाही. यांना वाटतं, नाव तू दिलंस. आजारी भावजीची चार वर्षांची मेहनत वाया जाऊ नये म्हणून तूच टेबलावर यांचं नाव सांगितलंस. दयेने. ताप उतरल्यावर गळ्यात हार पडले, तेव्हा यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि तू तोंड फिरवलंस. यांना ते दान केल्यावरचं तोंड फिरवणं वाटलं. मग प्रत्येक गोष्टीत तुझ्यावर डाफरायला लागले. मेहुण्याच्या उपकाराचा घास गिळवत नव्हता त्यांना.

गुंडो, नाव तू दिलं नाहीस, यांनी दिलं नाही. टेबलापाशी मी होते.

आठव ती सकाळ. गाडी वर्कशॉपच्या नावाने दाखल होती, चालवणाऱ्याचं नाव तिथेच द्यायचं होतं. तू इंजिन तापवत होतास, हात तेलाचे. ओरडून म्हणालास, "अक्का, टेबलावर जाऊन माझं नाव घाल गं!" मी गेले. वाटेत मोटर होती. काचेतून आत पाहिलं. दोन घोंगड्यांखाली हे थरथरत होते, आणि घोंगड्यांवरून त्यांनी ते चामड्याचं जाकीट पांघरलं होतं, शर्यतीसाठी शिवून घेतलेलं. अंगात घालायची ताकद नव्हती म्हणून नुसतं वरून ओढलं होतं. बस, तेवढंच पाहिलं मी.

टेबलाशी जाड चष्म्याचे एक कारकून होते. त्यांनी विचारलं, "रायडर यारु, अम्मा?" चालवणारा कोण?

तोंडात तुझं नाव होतं. खरं सांगते, होतं. ते बाहेर यायला एक श्वास जास्त लागला. तेवढ्यात त्यांनी चष्म्यावरून माझ्या मंगळसूत्राकडे पाहिलं आणि हसले. "यजमानर हेसरु हेळोल्ल, अल्वा?" यजमानांचं नाव घेत नाही, असंच ना? शेजारचा शिपाईही हसला. म्हणाला, "आमची घरी मला 'इकडे बघा' म्हणते, पंधरा वर्षं झाली!" कारकून म्हणाले, "सरी बिडी, राहू दे, अम्मा, मला माहीत आहे वर्कशॉप कोणाचं." आणि लिहिलं.

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. तुझं नाव तर मी लहानपणापासून घेत आले आहे, दिवसातून पन्नासदा. पण मी मान खाली घातली. लाजल्यासारखी. मोठी कुलवंत बाई म्हणून त्या दोघांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

मनाशी म्हटलं, मागाहून सांगू. विक्रम होईल असं कोणाच्या स्वप्नात होतं? मग तू वाऱ्यासारखा गेलास आणि कर्ण्यातून यांचं नाव आलं. लोक टोप्या उडवत होते. तू गाडी वळवून परत आलास, डोळ्यांवरचा चष्मा वर केलास. तुझं तोंड मला अजून दिसतं.

त्या संध्याकाळी तू मला विचारलंस. अगदी हळू. "अक्का, नाव कोणी घातलं?" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "मला काय ठाऊक."

मद्रासच्या कंपनीला त्या वर्षी चालवणारा माणूस हवा होता. त्यांचं पत्र यांच्या नावाने आलं. यांनी ते चुलीत घातलं. तुझ्या नावाने यायचं होतं ते.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी नव्या लग्नाची. तुझा हात धरून मी यांच्या घरात आणला. यांनी एका शब्दाने विचारलं नाही, किती दिवस. तुला पाना धरायला शिकवलं. तुम्ही दोघं मला सारखेच होता, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आले. सारखे नव्हता. त्या एका श्वासात नव्हता.

आता सही करू नकोस. माझं ठरलं आहे. रविवारी बेळ्ळियप्पा आले की मी त्यांना खरं सांगणार. गाडी राहिली तर राहील. पुढे काय करायचं ते मला सुचत नाही, पण तुझ्याकडून आणखी एक घेणार नाही.

हे पत्र तुला मिळेल तोवर रविवार येऊन गेलेला असेल.


बसवनगुडी
२३ नोव्हेंबर १९६४

गुंडो,

माझं सतरा तारखेचं पत्र तुला आज मिळालं असेल. ते वाटेत असताना तुझा कागद वाटेतच होता. शनिवारी दुपारी आला. सही केलेला. आणि सोबत चिठ्ठी: 'पाय आधी. बाकीचं राहू दे.'

काही ठाऊक नसताना तू सही केलीस. मी ती चिठ्ठी हातात घेऊन स्वयंपाकघरात बसले. विद्या नाचत बाबांना सांगायला गेली. आतून यांचा आवाज आला, "बघू."

शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ मी स्वतःला सांगत होते की कागद दाखवायचा नाही. फाडावासुद्धा वाटला. पण सकाळी आकडा टेकवला तर हे म्हणाले, "टेकव की." टेकवला होता, गुंडो. डाव्या अंगठ्याला टेकवला होता, दाबला होता, रक्ताचा ठिपका आला होता.

अकराला बेळ्ळियप्पा लॉरी घेऊन आले. मी कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला. मला वाटलं, झालं. ते म्हणाले, "अम्मा, तुम्ही त्या दिवशी तिथे होतात का?"

"होते."

"मग तुमच्या तोंडून ऐकू द्या. कागद गोदामात लावायला ठीक आहे. मला बघितलेल्या माणसाकडून ऐकायचं असतं. गाडीवर कोण होतं?"

मी मान खाली घातली. खोटं नाही सांगत, मला वाटलं एवढ्यावर भागेल. पण ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या कोडगूत बायका नाव घेतात. मी थांबतो. मला घाई नाही."

खाट तिथेच होती, चार हातांवर. हे जागे होते. विद्या दाराशी उभी होती.

मी म्हटलं, "मुकुंदराव."

बावीस वर्षांच्या संसारात मी यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. मंगळागौरीच्या उखाण्यातसुद्धा बायकांनी दार अडवलं तरी पुटपुटून निसटायची. पहिल्यांदा स्वच्छ, मोठ्याने, परक्या माणसासमोर घेतलं, ते खोटं बोलायला.

बेळ्ळियप्पांनी हात जोडले. हमालांनी गाडी फळीवरून चढवली, दोन्ही बाजूंनी गोणपाट लावलं. ते यांना म्हणाले, "तुमची सकाळ मी जपून ठेवीन." यांनी भिंतीकडे मान वळवली. बेळ्ळियप्पांना वाटलं, गाडी गेल्याचं दुःख आहे.

लॉरी गेल्यावर हे म्हणाले, "गुंडोने दुसऱ्यांदा दिलं मला."

मग मी सांगितलं. पहिल्यांदा त्याने दिलं नव्हतं. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून सगळं सांगितलं, तुला लिहिलं होतं तसंच. विद्यासमोर. यांनी मध्ये एकदाच विचारलं, "त्याने तुला विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मला काय ठाऊक, म्हटलं."

यांनी डोळे मिटले. म्हणाले, "मी त्याला भीक घालणारा समजलो, आणि त्याने मला चोर समजलं. आणि तू आम्हा दोघांना रोज वाढत होतीस." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. काल दुपारपासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. विद्याच्या हातचं घेतात. रात्री तिने तिचं अंथरूण माझ्याशेजारून उचलून बाबांच्या खाटेखाली घातलं.

आज सकाळी मी आकडा घेऊन गेले नाही. धीर झाला नाही. यांनीच हाक मारली. उजव्याला टेकवला, "कळलं." डाव्याला टेकवला. यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही कळलं. चार दिवस झाले."

मी तिथेच खाली बसले. मला वाटतं मी ओरडले असेन, कारण तानूबाई धावत आल्या. डोक्यावरून हात फिरवत म्हणत होत्या, "स्वल्प धीर धर गो, उजवा आहे ना अजून, उजवा आहे ना." हे त्यांना म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा बाहेर बसा." आणि मला, "कागद आण."

मला वाटलं तुला पत्र लिहायचं आहे. तसं नव्हतं. म्हणाले, "आता खरं लिही. तुझ्या अक्षरात." मी लिहिलं. त्या दिवशी गाडी माझा भाऊ गुंडो याने चालवली. माझे पती मुकुंदराव तापाने मोटरीत निजले होते. क्लबच्या टेबलावर खोटं नाव माझ्यामुळे पडलं. बावीस नोव्हेंबरला बेळ्ळियप्पांना मी पुन्हा खोटं सांगितलं. खाली माझी सही केली, वसुमती. मग यांनी पेन मागितलं. मी मागितली नव्हती त्यांची सही. निजल्या निजल्या शाई वर चढेना. विद्याने त्यांना कुशीवर वळवलं, खाली तिची वही धरली, आणि त्यांनी माझ्या सहीखाली सही केली.

मी म्हटलं, ऑपरेशन होऊ दे, मग पाठवू. दोनच आठवडे. मी त्यांचे पाय धरून म्हटलं, गुंडो. ज्याला कळत नाही तो आणि ज्याला कळतं तो, दोन्ही.

हे म्हणाले, "पाय वाचल्यावर पाठवलेल्या कागदाची किंमत काय? आजची तारीख घाल."

तारीख घातली आहे. कागद या पत्रासोबत आहे. मागे बेळ्ळियप्पांचा पत्ता लिहिला आहे, तोही यांनीच लिहायला लावला. तू तो कागद त्यांना पाठवलास तर ते गाडी परत आणतील आणि दिलेलं परत मागतील. तसे ते सरळ आहेत. क्लबला पाठवलास तर वहीतलं नाव बदलेल. दोन्हीकडे पाठवायचा तुला हक्क आहे, आणि आजच पाठवलास तरी हक्क आहे. मी तुला 'थांब' म्हणणार नाही. लिहिताना हात तिकडे वळतो आहे. पण म्हणणार नाही.

पाच डिसेंबरच्या गाडीची तिकिटं काढली आहेत. काटपाडीला उतरून पुढे वेल्लूर. सात तारखेला ऑपरेशन.

हे पाकीट विद्याकडे देत नाही. स्वतः टपाल कचेरीत जाऊन रजिस्टर करते, पोचपावतीसकट. पोस्टमन तुझ्यासमोर पावती धरेल. गुंडो, तेवढी सही मात्र लगेच कर आणि त्याला तसाच माघारी धाड. कागद तुझ्या हातात पडला हे कळल्याशिवाय हे पाच तारखेला खाटेवरून हलायला तयार नाहीत.

अक्का